वहिनी, दार उघडं होतं

वहिनी, किरीटभाई येऊन गेला. तुझ्या जलदान विधीच्या दुसऱ्या दिवशी, चार वाजता. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर वळली तेव्हाच मी आवाज ओळखला, आणि पहिला विचार मनात आला तो असा, की हा डबी न्यायला आला. तू जाऊन नऊ दिवस झाले होते. घरातल्या सतरंज्या विहारात परत पोचवायच्या राहिल्या होत्या. मी उठले, फळीवरची तुझी काळी डबी ओढणीत गुंडाळली आणि पिठाच्या डब्यामागे ठेवून दिली. मगच त्याला या म्हटलं.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. मिलच्या फोल्डिंग खात्यात वीस वर्षं काढली. दिवसभर टेबलावरून सरकणाऱ्या कापडात डाग शोधायचा, तोच धंदा. नजर तशीच होऊन जाते. चांगल्या कापडाकडे बघताना काही सुचत नाही, डाग दिसला की बरं वाटतं.

तुझ्यावर मी किती नजर ठेवली, ते तुला कळत होतं का? कळत असणार. आपण दोघीच तर होतो. दादा गेल्यावर, म्हणजे माझा भाऊ, तुझा नवरा गेल्यावर, पांडेसराच्या त्या दोन खोल्यांत तू आणि मी. तुझी लेक पल्लवी शिकून हैदराबादला नोकरीला लागली. मी सकाळच्या पाळीला जायची, साडेतीनला परत यायची. तू घरी साड्यांना स्टोन चिकटवायचं काम करायचीस. मांडीवर साडी, बोटाला डिंक, आणि कानात मोबाइलचे इयरफोन. तिथवर मला काही वाटत नव्हतं.

मग पल्लवीने तो मोठा हेडफोन पाठवला. तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी नवीन घेतला म्हणून जुना हिला दिला होता. दोन्ही कान झाकणारा, वाटीएवढ्या गाद्यांचा. तू हौसेने मोबाइलला लावलास आणि तोंड पाडून बसलीस. आवाज येत होता, पण डासाच्या गुणगुणीएवढा. मी म्हटलं, फुकटची वस्तू अशीच असायची. दुसऱ्या दिवशी रिंग रोडच्या मागच्या गल्लीत किरीटभाईच्या दुकानात गेलीस. त्याने सांगितलं, बेन, हेडफोन चांगला आहे, मोबाइलमध्ये त्याला हलवायचा जोर नाही. तुम्हाला दोन वस्तू लागतील. एक डॅक, म्हणजे मोबाइलमधल्या आकड्यांचं गाणं करणारी डबी. दुसरा अँप्लिफायर, त्या गाण्याला जोर देणारा. नुसत्या डबीचा उपयोग नाही, जोडीला काहीतरी पाहिजे.

जोडीला काहीतरी पाहिजे, हे वाक्य तू घरी येऊन सरळ मनाने मला सांगितलंस. मी ते वेगळ्याच अर्थाने मनात ठेवलं.

डबी तू घेतलीस, स्वतःच्या कामातून. अँप्लिफायर मात्र पटेना. किरीटभाई म्हणाला, घरी नेऊन ऐका, नाही आवडला तर मी दुसरा आणून देतो. झालं. दर आठ-पंधरा दिवसांनी त्याची स्कूटर दारात. एक खोका द्यायचा, एक न्यायचा. बायको वारलेली, मुलं अमेरिकेत, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट. आणि यायचा तो नेमका चार वाजता, मी घरी असताना. याची हिंमत बघा, असं मला वाटायचं. माझ्या डोळ्यांदेखत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो, माझ्या हातचा चहा पितो.

मी तुमचं बोलणं कान देऊन ऐकायची. त्यात धरण्यासारखं काही नसायचं आणि त्याचाच मला जास्त संशय यायचा. पहिल्या अँप्लिफायरला तू म्हणालीस, गाण्याखाली घुंऽऽ असा आवाज येतो. तो म्हणाला, वायर बदलू. तू म्हणालीस, नको, मोबाइल चार्जिंगला लावला की येतो आणि काढला की जातो, तेव्हा खोट चार्जरमध्ये आहे. दुसऱ्याच्या वेळी म्हणालीस, डावा कान जड लागतो. तो हसून म्हणाला, बेन, वयाप्रमाणे कान कमी-जास्त होतातच. तू म्हणालीस, मी हेडफोन उलटा घालून बघितला, जड बाजू उजव्या कानात आली. म्हणजे माझे कान बरे आहेत. तेव्हा त्याचं हसू थांबलं. खोका उघडून त्याने तिथेच तपासलं. तुझ्या डबीतून आवाज जोरात निघतो, त्या अँप्लिफायरला तो फार होत होता, म्हणून आवाजाचं बटण तू अगदी सुरुवातीलाच ठेवत होतीस. तिथे त्या बटणाच्या दोन बाजू सारख्या चालत नाहीत. तुझ्याच कानाने त्याला हे दाखवलं. त्या दिवसापासून तो दुकानात येणारी नवी वस्तू आधी तुला ऐकवायला लागला. गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी निर्मलाबेनचं मत.

मी म्हटलं, वा. बहाणा चांगला शोधला.

तिसरा व्हॉल्व्हचा होता, काचेच्या दिव्यांचा. तो तुला फार आवडला होता. तीन दिवस तू तेच एक गाणं लावत होतीस, आपल्याकडच्या जलशातलं जुनं रेकॉर्डिंग, ज्यात गाण्यापेक्षा पेटीच्या भात्याचा श्वास जास्त ऐकू येतो. चौथ्या दिवशी तू खोका बांधून ठेवलास. मी विचारलं, आवडला होता ना? तू म्हणालीस, पेटी गोड झाली, पण मी लहानपणी ऐकली ती पेटी अशी नव्हती.

एकदा किरीटभाई जुना न नेताच नवा ठेवून गेला, तेव्हा तू माझा मोबाइल मागितलास. तुझा गाणं वाजवायला गुंतलेला, आणि माझ्या मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप घ्यायचं होतं. मी दिला आणि नंतर तपासला, कुणाला फोन केलास का. नव्हता केला. तू माझा मोबाइल हेडफोनच्या गादीला टेकवून दोन्ही अँप्लिफायरचा आवाज सारखा करत होतीस, अगदी काटा जुळेपर्यंत. मग मला खाटेवर बसवलंस, डोळे मिटायला लावलेस, हेडफोन माझ्या कानांवर चढवलास आणि दोन्ही आळीपाळीने ऐकवलेस. विचारलंस, "तुले काय वाटस?"

फरक होता, वहिनी. पहिल्यात गायकाच्या मागे कुणीतरी खाकरलेलं ऐकू आलं होतं, दुसऱ्यात नव्हतं. मी डोळे उघडून म्हटलं, दोन्ही सारखेच. तुझ्या मनाचे खेळ आहेत सगळे.

तू चिडली नाहीस. म्हणालीस, असतील. म्हणून तर आधी आवाज सारखा करते, नाहीतर जो मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. मग स्वतःशीच बोलल्यासारखं अहिराणीत म्हणालीस, "एखादं लई आवडनं ना, का माले मनाच संशय येस."

एखादी गोष्ट फार आवडली की तुला तुझाच संशय यायचा. माझं कधी तसं झालं नाही. मला कायम दुसऱ्याचाच आला.

आता तो दिवस. मिलमध्ये माल निघायचा होता, मला एक तास थांबवून घेतलं. गल्लीत शिरले तेव्हा साडेचार झाले होते. त्याची स्कूटर दारात. मी चप्पल न वाजवता पुढे गेले. दार सताड उघडं होतं. नेहमी अर्धं लोटलेलं असतं, त्या दिवशी दोन्ही फळ्या भिंतीला टेकलेल्या. तू खाटेवर, हेडफोन लावून, डोळे मिटून, डिंकाची बोटं वर धरून. तो दाराजवळच्या खुर्चीत. मधे सहा-सात हातांचं अंतर. एवढंच. पण मी त्याचा चेहरा पाहिला. तो तुझ्याकडे बघत होता, आणि तसं बघणं मी ओळखते. कारण माझ्याकडे तसं कुणी कधी बघितलं नाही.

मी आत आले नाही. उलट पावली फिरले, विहाराच्या पायरीवर जाऊन बसले आणि बारडोलीला जगनभाऊला फोन लावला. माझा आणि दादाचा थोरला चुलतभाऊ, साखर कारखान्यात असतो, घरात त्याचा शब्द चालतो. मी त्याला सांगितलं, दुकानवाला आला आहे, मी घरी नव्हते, आणि दार आतून बंद होतं.

का म्हणाले तसं, ते मी आजवर स्वतःलाही धड सांगितलेलं नाही. तुला सांगते. मी सासर सोडून आले तेव्हा हातात एक पिशवी होती. आई म्हणाली होती, चार दिवस राहा आणि परत जा. तूच तेव्हा काही न बोलता माझ्यासाठी मोरीजवळची फळी रिकामी केली होतीस. ते घर दादाचं होतं, मग तुझं झालं. माझं कधीच नव्हतं. तू त्या माणसाबरोबर गेली असतीस तर मला परत एक पिशवी भरावी लागली असती. कुठे जायचं होतं मी? लोक म्हणतील, कुळाची अब्रू म्हणून केलं असेल. मला अब्रूचं काही पडलेलं नव्हतं. मला ती फळी सोडायची नव्हती.

जगनभाऊ रविवारी आला. शेजारच्या दोघी मुद्दाम दारात उभ्या. तो फार बोलला नाही, बायकामाणसाशी जपून बोलतो तो. एवढंच विचारलं, "निर्मला, दार बंद होतं का?"

तू माझ्याकडे बघितलंस. मी चहा गाळत होते. गाळून झाला होता, तरी गाळणी खाली ठेवली नाही. तू एक शब्द बोलली असतीस, उघडं होतं म्हणून, तर त्याने विचारलं असतं, मग हे सांगितलं कुणी खोटं. आणि तिथेच माझा निकाल लागला असता. तू म्हणालीस, "मी त्यांना सांगते, येऊ नका म्हणून."

ते कबूल केल्यासारखं झालं. शेजारणींनी एकमेकींकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी तू घरातला अँप्लिफायर रिक्षात घालून परत देऊन आलीस. तो चौथा होता, साधा, लोखंडी पेटीसारखा, आणि डबीशी त्याचं जमलं होतं. तूच म्हणाली होतीस, आता काही ऐकू येत नाही, फक्त गाणं येतं.

डबी तेवढी फळीवर राहिली. तिचा बारीक निळा दिवा तू चालू ठेवायचीस. मला ते बघवत नव्हतं. मला वाटायचं, मला दाखवायला ठेवते. जोडीला काही नाही तर ही कशाला जळते? एकदा मी बटण बंद केलं. तू परत लावलंस. आपण दोघी त्यावर एक अक्षर बोललो नाही. दोन वर्षं. भाजी काय करायची, पाणी किती वाजता येईल, एवढंच बोललो.

विहारातही बदललं. आधी वर्षावासात वाचन चालू असताना स्पीकर शिट्टी मारायला लागला की सगळ्या तुला हाक मारायच्या. तू उठून माइक दोन हात बाजूला सरकवायचीस आणि शिट्टी बंद व्हायची. नंतर कुणी हाक मारेना. स्पीकर शिट्टी मारायचा, बायका कानांवर हात ठेवायच्या, आणि तू मागच्या रांगेत बसून समोर बघत राहायचीस. मी तुझ्याच शेजारी असायची.

आणि पल्लवी. तिचे फोन आधी तास-तास चालायचे, ते पाच मिनिटांवर आले. दिवाळीच्या सुट्टीत ती आली नाही. काम आहे म्हणाली. मी स्वतःला सांगितलं, असेल काम.

मग तुझा ताप, आणि न्यूमोनिया. सगळं आठ दिवसांत आटोपलं. दवाखान्यात तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, त्यामुळे तुझं बोलणं वाफेसारखं यायचं. चौथ्या दिवशी तू माझा दंड धरलास आणि म्हणालीस, "पल्लवीले सांग."

मी म्हटलं, हो, कळवलंय, निघते आहे ती. तू मान हलवलीस. ते नाही. मी परत म्हटलं, उद्यापर्यंत पोचेल. तू परत मान हलवलीस आणि माझ्याकडे बघत राहिलीस. त्या बघण्यात राग असता तरी चाललं असतं. मला पहिल्याच वेळी कळलं होतं, वहिनी, काय सांग म्हणतेस ते. न कळल्यासारखं करून मी तुझी चादर नीट करत बसले. पल्लवी आली तेव्हा तुला नळ्या लावलेल्या होत्या.

तर किरीटभाई. पल्लवी दाखल्याच्या कामाला बाहेर गेली होती. पाणी दिलं, चहा दिला. तो तुझ्या फोटोकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. डबीचं नाव तो काढेना. शेवटी मीच विचारलं, काही न्यायचं आहे का? तो म्हणाला, नाही, भेटायला आलो. मला खरं वाटलं नाही. दोन वर्षांत भेटायला सुचलं नाही ते आता काय? मग मी एकदम विचारूनच टाकलं, तुमच्यात काही होतं का?

मला वाटलं, चिडेल किंवा नाही म्हणेल. नाही म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला नसता. त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "मारी तरफथी हतुं, बेन. एमनी तरफथी नहोतुं."

त्याच्या बाजूने होतं. तुझ्या बाजूने नव्हतं. एकदा त्याने तुला तसं बोलूनही दाखवलं होतं म्हणे, आणि तू म्हणालीस, अँप्लिफायर आणायचे असतील तर आणा, हे परत बोललात तर तेही आणू नका. आणि पहिल्याच वेळी तू त्याला बजावलं होतंस, की यायचं ते चार वाजता यायचं, सुशीला घरी असताना. त्याने कारण विचारलं तर म्हणालीस, ती घरी असली की कुणाला काही विचारावं लागत नाही.

मी बराच वेळ भांडी आवरत राहिले. म्हणजे मी तुझी साक्षीदार होते. तू मला विचारून-सवरून नाही, पण भरवशाने तिथे बसवलं होतंस. आणि ज्या एका दिवशी मला उशीर झाला, त्या दिवशी तू माझ्या जागी दार सताड उघडं ठेवलंस.

तो गेल्यावरही मी विचार केला, की हा मला बरं वाटावं म्हणून तर बोलत नसेल? माझं मन अजून तसंच आहे, वहिनी. पण तू त्याला काय सांगितलंस, हे खोटं असलं तरी दार खोटं नव्हतं. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

पल्लवी परतीची बॅग भरत होती. सकाळची वेळ. तुझ्या दोन साड्या तिने घेतल्या, चष्मा घेतला. मी पिठाच्या डब्यामागून डबी काढून तिच्यासमोर ठेवली. तिने विचारलं, फुई, ही चालते का? मी तुझ्याच शब्दांत सांगितलं, की ही एकटी चालत नाही, हिच्यापुढे अँप्लिफायर लागतो. मग तो कुठे आहे, असं तिने विचारलं. मी म्हटलं, परत दिला. कुणाला, ते तिने विचारलं नाही. तिचा चेहरा मिटला.

मी म्हटलं, "पल्लवी, दार उघडं होतं."

मग सगळं सांगितलं. विहाराच्या पायरीवरचा फोन, जगनभाऊ, गाळणी, मास्क. ती खाटेवर बसून राहिली. ओरडली नाही. जगनभाऊने त्या वेळी तिलाही फोन केला होता, आईला समजाव म्हणून. तिने तुला विचारलं होतं, खरं आहे का? आणि तू म्हणाली होतीस, तुला काय वाटतं? तिने फोन कापला होता. ते सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, हातातल्या साडीची घडी परत परत करत होती.

मग तिने विचारलं, "आईला माहीत होतं, फोन कुणी केला ते?"

मी हो म्हटलं.

"तरी तिने मलाही नाही सांगितलं."

पल्लवी, तुला सांगितलं असतं तर तू मला या घरात राहू दिलं नसतंस, असं माझ्या तोंडाशी आलं होतं. मी ते बोलले नाही. तिला ते कळलं असावं. उठून तिने डबी साडीत गुंडाळली, बॅगेत ठेवली, आणि स्टेशनवर येऊ नका म्हणाली. आत्याला फुई म्हणायची ती, आणि तू म्हणायची. येऊ नका म्हणाली.

त्या संध्याकाळी मी बारडोलीला फोन करून जगनभाऊलाही सांगितलं. तो म्हणाला, आता कशाला ते? आणि मग म्हणाला, मीही परत विचारायला हवं होतं. रविवारी विहारात बायकांसमोर उभी राहिले. तेच सगळं सांगितलं. त्या शेजारच्या दोघी पुढेच होत्या, त्यांनी ऐकलं. मी खाली बसले तेव्हा माझ्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या होत्या.

तू मला का वाचवलंस, हे मात्र अजून कळत नाही. दया आली म्हणून, का तुलाही एकटं राहायची भीती होती म्हणून? आपण कधी बोललो नाही, आणि मी अंदाज करायला जाते तेव्हा माझेच अंदाज मला खोटे वाटतात. तुला आवडलं असतं हे. उशिरा का होईना, माझाच मला संशय यायला लागला.

पल्लवीचा फोन आला नाही. मीही केला नाही, तिला वेळ लागेल. काल दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिचा मेसेज आला. एकच ओळ. किरीटभाईंचा नंबर पाठव.

मी मिलच्या नळापाशी उभी होते. कशाला हवा असेल? त्यांना दोन शब्द सुनावायला? तुझ्याबद्दल विचारायला, मी सांगितलं ते खरं आहे का हे ताडून बघायला? का अँप्लिफायर हवा असेल तिला, तुझ्या डबीशी जुळणारा? तीन-चार कारणं मनात येऊन गेली. मी लिहायला लागले, कशाला गं. ते पुसलं.

नंबर पाठवला. आणखी काही लिहिलं नाही.